पत्ते टाकून देण्याची विद्या

आमच्या गोंदिया जिल्ह्यात 'पत्ता' म्हटला की आधी आठवतो तो तेंदूपत्ता. उन्हाळा तापू लागला की जंगलालगतच्या गावांतली माणसे पहाटेच रानात शिरतात, पाने तोडून आणतात, दुपारी सावलीत बसून पुडके बांधतात. त्या पैशांवर कितीतरी घरांचा पावसाळा निभावतो. दुसरा पत्ता म्हणजे खेळायचा. आमच्याकडची वर्तमानपत्रे त्याला 'तासपत्ते' म्हणतात आणि तो शब्द बहुतेक वेळा पोलिसांच्या धाडीच्या बातमीतच भेटतो. पहिल्या पत्त्याने घर चालते आणि दुसऱ्याने मोडते, अशी आमच्याकडची साधी समजूत आहे.

ही समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. पत्त्यांना नुसते वाईट म्हणून गप्प बसल्याने एक तोटा झाला. मुलांना पत्त्यांमागचे गणित कोणी सांगितलेच नाही. मग मोबाइलवर जाहिरात आली, 'हा जुगार नाही, हा कौशल्याचा खेळ आहे', तेव्हा त्या 'कौशल्य' शब्दाला काय उत्तर द्यावे हे घरातल्या कोणालाच सुचेना. म्हणून आज पोकर या खेळाविषयी लिहितो आहे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मी निवृत्त मास्तर, पंचाहत्तरीकडे झुकलेला. मी पोकरवर लिहावे याचे काहींना हसू येईल. येऊ द्या.

पत्ते आमच्या पिढीला नवे नव्हते. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, नॉट ॲट होम, बिनपैशांची रमी यांवर आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. गोंदिया-नागपूर गाडीत पासवाल्यांचे अड्डे ठरलेले असत. चौघांच्या मांड्यांवर एक रुमाल किंवा वर्तमानपत्र पसरले की तिरोडा कधी गेले, तुमसर रोड कधी आले, कळत नसे. यात कोणाचे घर बुडाले नाही. बुडवणारा खेळ वेगळा, तीन पत्ती. बोली भाषेत 'तिर्रट'. विदर्भात तो पोळ्याला जोरात चालतो. ज्या बैलांनी वर्षभर राबून धान पिकवले त्यांना सजवायचे, ओवाळायचे आणि रात्री त्याच धानाच्या भरवशावर कर्ज काढून डाव मांडायचा, ही विसंगती मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

पोकर हे त्या तीन पत्तीचे मोठे भावंड. पुण्याला नोकरी करणारा माझा नातू दिवाळीला आला होता, त्याने मला तो शिकवला. पैसे नाहीत, चिंचोके. आम्ही दोघे आणि सूनबाई असे तिघे चार रात्री बसलो. खेळ मला मनापासून आवडला, हे आधीच सांगून टाकतो.

खेळ असा आहे. बावन्न पत्ते, जोकर नाही. पोकरचे प्रकार पुष्कळ, पण जगात सगळ्यात जास्त चालतो तो 'टेक्सास होल्डेम'. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे वाटतात. ते ज्याचे त्याने पाहायचे. नंतर टेबलाच्या मधोमध पाच पत्ते उताणे मांडतात. आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचा एक. हे पाच सगळ्यांचे सामाईक. आपले दोन आणि मधले पाच, अशा सातांतून उत्तम पाच निवडायचे. तीन पत्तीत सगळे 'बूट' लावतात, तसे इथे दोन जणांना सुरुवातीला ठरावीक रक्कम लावावीच लागते. मग चार वेळा लावालावी होते. पहिली हातातले दोन पत्ते पाहून, दुसरी मधले तीन उघडल्यावर, तिसरी चौथ्यानंतर, चौथी पाचव्यानंतर. प्रत्येक वेळी तुमच्यापुढे मार्ग थोडेच असतात. समोरच्याने लावले तेवढे आपणही लावायचे, त्याहून वाढवायचे, किंवा पत्ते टाकून डावातून बाहेर पडायचे. शेवटी दोघे-तिघे उरले तर पत्ते उघडतात. एकटाच उरला तर त्याने पत्ते दाखवायचेही कारण नाही, मधला सगळा ढीग त्याचा.

आता कोणता हात मोठा? खालून वर जाऊ. काहीच जमले नाही तर सर्वात मोठे पान. मग एक जोडी, दोन जोड्या, एकसारखी तीन पाने, सलग पाच पाने म्हणजे रन, एका रंगाची पाच पाने म्हणजे कलर, तीन एकसारखी आणि वर एक जोडी म्हणजे फुल हाउस, चार एकसारखी, आणि सगळ्यात वर एका रंगाची सलग पाच.

हा क्रम कोणी मनाने ठरवलेला नाही, तो मोजून आलेला आहे. बावन्न पत्त्यांतून पाच पत्त्यांचे एकूण २५,९८,९६० निरनिराळे हात होतात. त्यांतले १३,०२,५४० हात, म्हणजे निम्म्याहून जास्त, काहीच न जमलेले असतात. एक जोडी १०,९८,२४० हातांत येते. रन १०,२०० हातांत, कलर ५,१०८ हातांत, फुल हाउस ३,७४४ हातांत आणि चार एकसारखी फक्त ६२४ हातांत. जे दुर्मीळ ते मोठे, इतका सरळ नियम.

तीन पत्ती खेळणाऱ्यांना इथे एक गोष्ट खटकेल. तिथे रन कलरपेक्षा मोठी आणि इथे कलर रनपेक्षा मोठा, असे का? तेही मोजा. तीन पत्त्यांचे एकूण हात २२,१००. त्यांत नुसती रन ७२० वेळा आणि कलर १,०९६ वेळा. म्हणजे तीन पानांत रन दुर्मीळ आणि पाच पानांत कलर दुर्मीळ. क्रम उलटा झाला तो गणितामुळे. गंमत पुढे आहे. तीन पत्तीत सर्वात मोठा हात ट्रेल, म्हणजे तीन एकसारखी पाने. असे हात ५२. त्याखालची एका रंगाची रन मात्र ४८. म्हणजे हिशेबाने ती ट्रेलच्या वर हवी होती! परंपरेने ट्रेलला वर बसवले आणि कोणी मोजायला गेले नाही. जन्मभर तिर्रट खेळलेल्या माणसांना मी हे विचारून पाहिले आहे. एकालाही ठाऊक नव्हते. ज्या खेळावर माणूस बांधी गहाण ठेवतो, तो खेळ त्याने एकदाही कागदावर मोजलेला नसतो.

तर पोकरला लागणारे पहिले कौशल्य मोजण्याचे. उदाहरण घेऊ. तुमच्या हातात दोन बदाम आहेत, मधल्या तीन पत्त्यांत आणखी दोन. एक बदाम आला की कलर झाला. बदाम एकूण तेरा, चार दिसले, नऊ उरले. तुम्ही न पाहिलेले पत्ते सत्तेचाळीस. म्हणजे पुढच्या पत्त्याला बदाम येण्याची शक्यता सत्तेचाळिसात नऊ, साधारण पाचात एक. आता मध्ये ऐंशी चिंचोके आहेत आणि समोरच्याने वीस लावले. तुम्हाला वीस लावून शंभर मिळवायचे आहेत, म्हणजे सहात एकदा जिंकलात तरी नुकसान नाही. तुमची शक्यता पाचात एक. लावा. पण त्याने वीसऐवजी ऐंशी लावले तर? आता ऐंशी लावून एकशेसाठ मिळवायचे. त्यासाठी तीनात एकदा जिंकावे लागेल. तुमची शक्यता तीच, पाचात एक. टाकून द्या. (पुढच्या एका पत्त्यापुरते बोलतो आहे, दोन्ही पत्ते धरले तर हिशेब थोडा बदलतो.) पत्ते तेच, टेबल तेच, फक्त किंमत बदलली म्हणून उत्तर बदलले. सातवी-आठवीच्या मुलाला गुणोत्तर-प्रमाण शिकवायला याहून चांगले उदाहरण मला चाकरीच्या काळात सापडले नाही.

दुसरे कौशल्य, आणि माझ्या मते सगळ्यात मोठे, पत्ते टाकून देण्याचे. चांगला खेळाडू वाटलेले बहुतेक हात सुरुवातीलाच टाकून देतो. नवा माणूस प्रत्येक डावात उतरतो, कारण तो 'खेळायला' आलेला असतो. परीक्षेत दोन प्रकारची मुले दिसायची. एक मुलगा अवघड गणितावर पाऊण तास घालवून बसे आणि घंटा वाजली की रडे. दुसरा ते गणित सोडून पुढे जाई. दुसरा हुशार असेच असे नाही, पण त्याला सोडणे जमत असे. पोकरचे टेबल अशा माणसाचे.

तिसरे, जागेचे भान. ज्याची पाळी शेवटी, त्याला बाकीच्यांचे बोलणे ऐकून बोलायला मिळते. ग्रामसभेत जसे, तसेच इथे. चौथे, माणूस वाचणे. सिनेमात दाखवतात तसे डोळ्यांच्या पापण्या मोजणे नव्हे. त्याने कोणत्या वेळी किती लावले, आधी गप्प होता आणि आता एकदम का वाढवले, त्याची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळते का, हे पाहणे. यात खोटे बोलणेही आले. हातात काही नसताना मोठी रक्कम लावून समोरच्याला पळवून लावायचे. हे खोटेसुद्धा हिशेबाने बोलावे लागते. नेहमी बोललात तर पकडले जाता, कधीच बोलला नाहीत तर तुमच्या खऱ्या हातावर कोणी पैसे लावत नाही. जॉन फॉन नॉयमन या मोठ्या गणितज्ञाने या खोट्याचे गणित मांडले. त्याने ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर १९४४ साली खेळांच्या सिद्धांतावर ग्रंथ लिहिला, त्यात पोकरला मानाची जागा आहे.

पाचवे, स्वतःचे मन. चांगला हात हरला की रक्त तापते आणि 'आता भरून काढतो' असे माणूस म्हणतो. दोन एक्के हातात आले, यापेक्षा मोठी सुरुवात नाही. असे सरासरी दोनशे एकवीस डावांत एकदा होते. तरीसुद्धा एका अनोळखी हातापुढे ते एक्के शंभरात साधारण पंधरा वेळा हरतात. बरोबर खेळूनही हरणे, आणि हरल्यावर पुढचा डाव पुन्हा शांतपणे बरोबर खेळणे, हे फार थोड्यांना साधते.

या विद्येची आपल्याकडे फार जुनी ओळख आहे. महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा येते. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून सांगतो की या दोन फांद्यांवर इतकी पाने आणि २,०९५ फळे आहेत. नल रथ थांबवून मोजून पाहतो, तो आकडा बरोबर. तेव्हा राजा सांगतो, मला संख्येची विद्या येते, तीच फाशांची विद्या. नल त्याला घोड्यांची विद्या देतो आणि बदल्यात अक्षहृदय घेतो. बेहड्याचेच झाड का? कारण वैदिक काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे जे सूक्त आहे, त्यातले फासे तेच. नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात बेहडा अजून आहे. आपण त्याला त्रिफळ्यापुरता ओळखतो.

ही कथा वनवासात कोण कोणाला सांगतो? बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला. आणि कथा संपल्यावर ते अक्षहृदय त्यालाही शिकवतात. म्हणजे धर्मराजाला द्यूताची विद्या मिळाली ती सगळे हरल्यानंतर. पण मला वाटते, सभेत त्याला कमी पडले ते मोजणे नव्हतेच. बोलावणे आले की नाही म्हणायचे नाही, हा त्याचा बाणा होता. एकदा सर्वस्व हरून, सुटका होऊनही तो दुसऱ्यांदा बोलावल्यावर परत येऊन बसला. शकुनीचे फासे कसेही असोत, उठून जाणे युधिष्ठिराच्या हातात होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पोकर कौशल्याचा खेळ आहे का? माझे उत्तर, हो. पण हे कौशल्य दिसायला किती डाव लागतात ते पाहा. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला 'लिब्राटस' नावाचा संगणक कार्यक्रम चार नाणावलेल्या खेळाडूंशी खेळला. वीस दिवस, १,२०,००० डाव. शेवटी संगणक स्पष्टपणे जिंकला. इतके डाव का ठेवले? कारण शे-दोनशे डावांत कोण चांगला आणि कोण नशीबवान हे सांगताच येत नाही. कौशल्याचा खेळ आहे हे खरे, पण एका रात्रीच्या खेळात नशिबाचा वाटा फार मोठा असतो, हेही तितकेच खरे. जाहिरात पहिले वाक्य सांगते, दुसरे सांगत नाही.

आणखी एक हिशेब. समजा तुम्ही खरोखर चांगले खेळता, शंभरात पंचावन्न वेळा जिंकता. पण दर वेळी जवळचे सगळे पैसे लावता. पाच वेळा खेळून तुम्ही शिल्लक राहण्याची शक्यता किती? पंचावन्न शतांशाला पाच वेळा गुणा. शंभरात पाच. म्हणजे कौशल्य असलेली शंभर माणसे बसली तर पंच्याण्णव कफल्लक होऊन उठतील. ज्याच्याजवळ हरायला वेगळे पैसे नाहीत, त्याचे कौशल्य त्याला वाचवत नाही. शिवाय डाव चालवणारा, मग तो अड्डा असो, गोव्यातल्या मांडवीवरचे कॅसिनो असो की कंपनी असो, ढिगातून आपला वाटा काढून घेतो. कोणीही जिंको, त्याचे काही जात नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, शेती तरी काय वेगळी? पाऊस पडला तर धान, नाही तर तणस. खरे आहे. पण शेतकऱ्याच्या कष्टातून दाणा तयार होतो, तो कोणाच्या तरी ताटात जातो. पोकरच्या ढिगात जेवढे लोकांनी टाकले त्याहून एक चिंचोकाही जास्त निघत नाही. एकाचे आले ते दुसऱ्याचे गेलेले असते.

कायद्याने या प्रश्नाभोवती बराच काळ घिरट्या घातल्या. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, जुळवाजुळव करावी लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ; तीन पत्तीसारखे खेळ मात्र निव्वळ नशिबाचे. मग पोकर कुठे बसवायचा? गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो कौशल्याचा खेळ मानला. दोन्हीकडे शिकलेली माणसे, आणि उत्तरे उलटी. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद ठरवला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेले नाही. मला हे योग्य वाटते, कारण कायद्याने प्रश्नच बदलला. खेळ कोणता हे विचारायचे सोडून त्याने पैसा पाहिला.

हे दूरचे नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन खेळात अठ्ठावन्न कोटी गमावल्याची तक्रार केली आणि पोलिसांची धाड पडली ती आमच्या गोंदियातल्या एका घरावर. कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोने-चांदी मिळाल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. तो खेळ पोकरच होता असे नाही, आणि खरे-खोटे न्यायालय पाहील. पण त्या बातमीवर चौकाचौकांत झालेली चर्चा मी ऐकली. 'एवढा पैसा!' हे सगळे म्हणत होते. हा पैसा कोणाकोणाच्या घरातून आला असेल, हे फारसे कोणी म्हणत नव्हते.

मला मात्र एक घर ठाऊक होते. आमच्या तालुक्यातले एक गृहस्थ एका सकाळी माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. गणितात बरा, स्वभावाने शांत, पुढे एका राइस मिलमध्ये हिशेबनीस झाला. मोबाइलवर दीड वर्ष पोकर खेळून त्याने पगार घालवला, मग बायकोचे दागिने, मग मित्रांकडून उसने घेतले. वडिलांनी दीड एकर बांधी विकून देणी फेडली होती. ते म्हणाले, "गुरुजी, तो म्हणते का हा जुगार नाही होय. कोर्टानं सांगितलं म्हणते. मी अडाणी माणूस, मी का सांगू त्याले? तुम्ही समजवा."

मुलाला बोलावले. रागावलो नाही, रागावून काही होत नाही. त्याला म्हटले, "बाळा, हे कौशल्य आहे हे मला मान्य. मग तुझी वही दाखव."

"कसली वही, सर?"

"मिलमध्ये रोज किती पोती आली, किती गेली, याची लिहितोस ना? तशी. किती डाव खेळलास, किती टाकून दिलेस, किती लावले, किती आले."

वही नव्हती. मिलच्या एका पोत्याचा हिशेब न चुकवणाऱ्या मुलाने स्वतःच्या पगाराचा हिशेब ठेवला नव्हता. त्याला जिंकलेली मोठी रात्र तारखेसकट आठवत होती. हरलेल्या रात्री 'अशाच' होत्या. मी कागद पुढे केला आणि आम्ही बँकेच्या पासबुकावरून आकडे मांडले. बेरीज त्याने स्वतः केली. ती करून तो बराच वेळ खाली पाहत बसला. शेवटी म्हणाला, "सर, मला वाटलं होतं निम्मी तरी परत आली असतील."

तो आता खेळत नाही असे वडील सांगतात, आणि कंपन्यांनीही कायदा आल्यावर पैशांचे डाव बंद केले. पण मध्यंतरी त्याच्या मोबाइलवर कुठल्याशा परदेशी खेळाची लिंक आली होती. त्याने ती मला आणून दाखवली आणि माझ्यासमोर पुसून टाकली. पुन्हा येणार नाही याची खात्री कोण देईल? बंदी हवीच, पण बंदीचे कुंपण गुरे अडवते, माणसाला फाटक उघडता येते. फाटकापाशी थांबण्याची अक्कल आतून यावी लागते.

म्हणून माझे मत असे आहे. पत्ते घरातून हद्दपार करू नका. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांबरोबर बसा. मेंढीकोट खेळा, रमी खेळा, हौस असेल तर पोकरही खेळा. पण चिंचोक्यांवर. खेळताना त्यांना मोजायला लावा. किती बदाम उरले, लावणे परवडते का, हे तोंडाने बोलायला लावा. शंभर डावांची वही ठेवायला लावा आणि शेवटी बेरीज करा. त्या बेरजेत मुलाला दोन गोष्टी आपोआप दिसतील. एक, चांगले खेळणारा हळूहळू पुढे जातो. दोन, चांगले खेळणाराही मध्येच सपाटून हरतो. पहिली गोष्ट कळली की खेळाविषयी आदर वाटेल. दुसरी कळली की त्यावर पगार लावायची हिंमत होणार नाही. आणि जो मुलगा पत्ते टाकून देताना कुरकुरत नाही, त्याचे जरूर कौतुक करा. जिंकणाऱ्याचे कौतुक सगळे करतातच.

मोठ्यांसाठी तीनच प्रश्न पुरे आहेत. तुझी वही कुठे आहे? हे पैसे गेले तर घरात कोणाचे काय थांबेल? आणि आत्ता, या क्षणी, उठून जाता येते का? पहिल्याचे उत्तर नाही, तर कौशल्याचे नाव घेऊ नये. दुसऱ्याच्या उत्तरात मुलाची फी, आईचे औषध किंवा बियाण्याचे पैसे आले, तर पत्ते हातातही घेऊ नयेत. आणि तिसऱ्याचे उत्तर द्यायला वेळ लागला, तर खेळ तुमच्या हातात नाही, तुम्ही खेळाच्या हातात आहात.

असो. बरेच लिहिले. या मतावर तरुण मंडळी, विशेषतः हा खेळ माझ्यापेक्षा चांगला जाणणारी, काय म्हणतात ते ऐकायला आवडेल. येताना आपली वही तेवढी बरोबर आणा.